198 ला पास, खरं लॉला 270

बेळगावात टिळकवाडीच्या कट्ट्यावर पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीच्या, गुणांचा विषय काढला तो बाळूनं. "33 टक्क्यांना पास करायला लागलेत. पोरांची चैन आहे."

"चैन कसली डोंबलाची!" गजा वकील उसळला. "600 पैकी 198 ला पास म्हणतंय सरकार. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला बार कौन्सिल किती मागतंय? 45 टक्के. म्हणजे 270. मधले 72 गुण कुठनं आणणार?"

हिशेब चोख आहे. 2008 च्या कायदे शिक्षण नियमांत खुल्या वर्गाला 45, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40 टक्के. 600 मध्ये मांडले तर 270, 252 आणि 240. बरं, एवढे मिळाले की फक्त अर्ज करायची पात्रता येते. जागा मिळेलच असं कुठंही लिहिलेलं नाही.

सुभाष मास्तर हायस्कुलातले. ते म्हणाले, "त्याच वर्षी परत होणारी परीक्षा दोन काय फक्त नापासांसाठी ठेवलीय व्हय? त्यातले चांगले गुण धरतात. 240 वर अडकलेल्या पोरानं आधी ती द्यावी. आमच्याकडं पास झाला की दाखला काढून मोकळे."

"पदवी करून तीन वर्षांचा लॉ करायचा की," बाळू.

"तिथंही 45 च," गजा म्हणाला. "आणि बारावी न करता मुक्त विद्यापीठातनं थेट पदवी काढली असेल तर दारातच थांबवतात."

परश्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला. त्याची चिंता वेगळीच, हजेरीची. "काका, एकूण 70 टक्के भरली की झालं ना?"

"इथंच सगळे घसरतात," गजा म्हणाला. "70 टक्के एकूण नव्हे, दर विषयात. 60 तास झाले तर त्या विषयाचे 42 भरायला पाहिजेत. एखाद्या विषयात कमी पडलं, कारण सबळ असलं आणि सगळ्या विषयांची मिळून 65 टक्के भरत असली, तरच प्राचार्य परवानगी देऊ शकतात. ते त्यांच्या मर्जीवर. तुझा हक्क नव्हे तो."

इथवर सगळ्यांचं जमत होतं. मास्तरांनी खरा विषय काढला आणि आवाज चढले. "गुणांचं राहू दे. मराठी शाळेत शिकलेला पोरगा इथल्या कोर्टात न्यायाधीश व्हायचा म्हटला तर त्याला अडवतंय कोण, ते सांग."

"भाषांतराचा पेपर," गजा म्हणाला. "दिवाणी न्यायाधीशाच्या मुख्य परीक्षेत 100 गुणांचा. जबान्या, निकालपत्रं, दस्त. इंग्रजीतनं कन्नडात आणि कन्नडातनं इंग्रजीत. बाकीचे कायद्याचे पेपर रट्टा मारून निघतात. हा निघत नाही."

"मग घटनेचा अनुच्छेद 350 क कशाला आहे? मातृभाषेतनं शिक्षण!"

"प्राथमिक टप्प्यापुरतं, मास्तर. तेही राज्यानं पुरेशा सोयी द्यायचा प्रयत्न करावा, एवढंच. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की सरकारला माध्यम लादता येत नाही. माध्यम! विषय म्हणून कन्नड शिकवायला त्यात आडकाठी नाही. 2015 च्या कायद्यानं तर पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून कन्नड सक्तीचंच केलं, पहिलीपासनं टप्प्याटप्प्यानं."

मास्तरांचा मुद्दा हलका नाही. शाळा मराठी ठेवायची, कन्नड शिकवायला धड माणूस द्यायचा नाही, आणि नोकरीच्या दारात कन्नड तपासायचं, हा अन्यायच. तरी पेपरात काय चुकतं हे कळल्याशिवाय नुसतं चिडून उपयोग नाही. ते गजानं दाखवलं.

"वादी, प्रतिवादी, अर्ज, जामीन, पंचनामा... हे शब्द कन्नडातही जवळपास तेच. म्हणून मराठी पोराला वाटतं, सोपं आहे. मार खातो क्रियापदात. 'नोडिदे' म्हणजे मी पाहिलं, 'नोडिद' म्हणजे त्यानं पाहिलं. शेवटचा एक स्वर चुकला की डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार ऐकीव होऊन बसतो. मग गुण कापतात, आणि कापायलाच पाहिजेत."

"त्यात आता न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली," परश्या पुटपुटला.

"हां, सर्वोच्च न्यायालयाचा 20 मे 2025 चा निकाल. खरं ती तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या, म्हणजे वकील म्हणून पहिल्या नोंदणीच्या, तारखेपासनं मोजतात, वकिलांना पदवीनंतर द्यावी लागणाऱ्या बार परीक्षेच्या निकालापासनं नव्हे. म्हणून डिग्री हातात आली की लगेच नोंदणी कर. फी खुल्या वर्गाला 750, एससी-एसटीला 125. 2024 च्या निकालानंतर त्यावर मागता येत नाही. बार परीक्षा 100 प्रश्नांची, खुल्या वर्गाला 45 ला पास, चुकीला गुण कापत नाहीत. दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर न्यायाधीशांची सही. तेव्हा पहिल्या दिवसापासनं ज्याच्या वकालतनाम्यावर तुझं नाव येतंय असा सीनियर धर. नुसत्या तारखा घेत हिंडलास तर तिसऱ्या वर्षी दाखवायला काही राहत नाही."

बाळूनं उत्तरेकडं बोट दाखवलं. "त्यापेक्षा कोल्हापूर गाठ. ऑगस्ट 2025 पासनं तिथं हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. महाराष्ट्रातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेला मराठी लागतंय, ती तुला येतेय."

"जा की. सनद देशभर चालते, एका राज्याच्या बार कौन्सिलातनं दुसऱ्या राज्यात बदलूनही घेता येते," गजा म्हणाला. "खरं अशील इथला असला तर? खानापूरच्या जमिनीचा पहाणी उतारा कन्नडात, अपील धारवाडला. नुसती वकिली करायची म्हटली तरी कन्नड सुटत नाही."

मग त्यानं परश्याला कामच लावून दिलं. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर जिल्ह्यातले कन्नड निकाल फुकट मिळतात. त्यातला साक्षीचा भाग घ्यायचा, रोज एक पान इंग्रजीत करायचं, दुसऱ्या दिवशी मूळ न बघता परत कन्नडात आणायचं आणि ताडून बघायचं. क्रियापदांची वेगळी वही.

मास्तर गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. "आणि हे सगळं पोरानंच करायचं? सीमाभागापुरता मराठीतनं भाषांतराचा पर्याय का ठेवत नाहीत?"

"ठेवावा की. मागणी करा, अर्ज मी लिहून देतो, फी नको," गजा म्हणाला. "तोवर ह्याला आहे तोच पेपर द्यायचाय."