आवाज कमी करायला जावं, तर स्टेशन बदलतं!

"स्टिअरिंगवरची बटणं चालतील ना?" गाडीत नवा स्टिरिओ बसवताना पुण्याच्या नाना पेठेत, कार अ‍ॅक्सेसरीजच्या कुठल्याही काउंटरवर विचारा, उत्तर ठरलेलं: "चालणार की साहेब, टेन्शन नका घेऊ." टेन्शन नंतर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये येतं. आवाज कमी करायला बटण दाबावं तर स्टेशन बदलतं, फोन उचलायचं बटण तर साफ मुकं. माझी गाडी झाली, मेहुण्याची झाली, आता शेजारचे काका त्याच रांगेत.

अहो, यात जादू काही नाही. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक बटणामागे एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटासा भाग असतो, आणि प्रत्येकाचा अडथळा वेगळा. वायरवरचं व्होल्टेज किती बदललं यावरून स्टिरिओ बटण ओळखतो. स्टिरिओच्या मागे बटणांसाठी 'की १', 'की २' आणि ग्राउंडच्या (निगेटिव्ह) वायरी. त्या नीट जोडायच्या आणि सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण शिकवायचं. पण ग्राउंड जरा ढिलं राहिलं की आकडे सरकतात आणि सगळी शिकवणी पाण्यात. आणि बटणांचा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या डिजिटल लाइनवरून, जाणारी गाडी असेल, तर नुसत्या वायरी जोडून काहीच होत नाही, त्या मॉडेलला चालणारा कॅन डिकोडर, म्हणजे तो निरोप स्टिरिओला समजावून देणारा डबा, लागतो.

हे आधी सांगायला काय जातं? नाही! आधी डॅशबोर्ड उघडणार, दोन क्लिपा तोडणार, वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणार, आणि मग शांतपणे, "साहेब, तुमच्या गाडीलाच प्रॉब्लेम आहे." डिकोडरचे पैसे वेगळे. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल!