समोरच्याने डिपर मारला म्हणजे 'ये' असं नाही

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक जुनाच मजकूर नव्याने फिरायला लागतो. गाड्यांच्या दिव्यांची भाषा शिका, जीव वाचवा, असा त्याचा थाट. सांगणं थोडक्यात असं: समोरच्याने हेडलाइट मारले की तो तुम्हाला वाट देतोय. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की ओव्हरटेक करा. चौकात सरळ जायचं असेल किंवा पावसात-धुक्यात दिसत नसेल तर चारही इंडिकेटर लावा. दिवसा दिवा लावून येणारा दुचाकीवाला विसरभोळा असतो, त्याला खूण करा. आणि इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर ड्रायव्हरला घाई आहे. हेतू चांगला असेलही. पण यातल्या पहिल्या तीन गोष्टी माणूस मारू शकतात.

आधी डिपर. अरुंद पुलाच्या दोन टोकांना दोन गाड्या आल्या आणि एकाने लाइट मारली, तर आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय, तू थांब' असाच असतो. ज्याने आधी लाइट मारली त्याचा पूल, हा आपला अलिखित कायदा. मेसेज वाचून आलेला माणूस याच झपक्याला 'या, या' समजून पुलावर गाडी घालतो, आणि मग मधोमध दोघं नाकाला नाक लावून उभे. कोणी मागे जायचं यावर अर्धा तास वाद. हे पुलावर झालं तर निभावतं, घाटातल्या आंधळ्या वळणावर निभावत नाही. घाटात तर आधी कोणी जायचं ते लाइट ठरवतच नाही. दोन गाड्या सहज निघतील इतका रस्ता रुंद नसेल तर चढणाऱ्या गाडीला पहिला मान, हा आपल्याकडचा नियमच आहे. उतरणाऱ्याने कितीही लाइटा मारल्या तरी थांबायचं त्यानेच.

ब्रिटनमध्ये लोक वाट देताना खरंच लाइट मारतात. पण तिथलाच हायवे कोड नियम ११० मध्ये सांगतो की हेडलाइट फक्त 'मी इथे आहे' एवढं कळवण्यासाठी मारा. लगेच नियम १११ मध्ये बजावतो की कोणी लाइट मारली म्हणजे पुढे यायला सांगितलं असं कधीही गृहीत धरू नका. जर्मनीत शहराबाहेर ओव्हरटेक करतोय हे कळवायला लाइट मारण्याची कायद्यानेच मुभा आहे. आपल्याकडे त्याच झपक्यात 'पुढे पोलीस आहेत', 'तुझा फुल लाइट खाली घे', 'साइड स्टँड वर कर', 'साइड दे' आणि नुसता राग, सगळं मावतं. यातलं नेमकं काय म्हणायचंय ते मारणाऱ्यालाच माहीत. तेव्हा डिपर दिसला की समोर गाडी आहे एवढंच धरा आणि तिच्या वेगाकडे बघा. गाडी खरोखर थांबली तर वाट दिली.

उजव्या इंडिकेटरचं प्रकरण याहून वाईट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२१ उघडून बघा. गाडीवरच्या विजेच्या खुणेने तीनच इरादे सांगता येतात: उजवीकडे वळणं, डावीकडे वळणं आणि थांबणं. मागच्याला पुढे जाऊ द्यायची खूण १९८९ च्या नियमांत होती, पण ती हाताची: उजवा हात बाहेर आडवा काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात हलवायचा. जुने एसटी ड्रायव्हर अजून तशी साइड देतात आणि ती चुकीची वाचली जायची शक्यता फार कमी. इंडिकेटरचं तसं नाही. उजवा लुकलुकला तर 'जा' म्हणतोय, की डिव्हायडरच्या कटमधून वळून पलीकडच्या पंपावर जातोय? उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उजवा दिवा देऊन शेताच्या वाटेला वळतो. ट्रॅक्टर वळून गेला तरी मागची ट्रॉली रस्ता अडवूनच असते. मेसेजवाल्याच्या हिशेबाने तिथे तुम्ही उजवीकडून पुढे निघालेले असता.

आता चारही इंडिकेटर. चौकात तुमच्या डावीकडून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमच्या गाडीचा बऱ्याचदा एकच कोपरा दिसतो, बाकीची गाडी शेजारच्या टेम्पोने झाकलेली. त्याला दिसतो लुकलुकणारा डावा इंडिकेटर. तो समजतो तुम्ही डावीकडे वळताय, निर्धास्त पुढे येतो आणि तुम्ही सरळ. सरळ जाण्याची खूण नसते, कारण ती लागतच नाही.

पावसातही तेच. बहुतेक गाड्यांत चारही चालू असताना वळायचा इंडिकेटर दिला तरी बाहेर काही फरक दिसत नाही, म्हणजे लेन बदलताय हे सांगायची सोय तुम्हीच बंद केली. शिवाय काही नव्या गाड्या वेगात असताना जोराचा ब्रेक दाबला की आपोआप चारही लावतात. खंडाळ्याच्या धुक्यात सगळेच लुकलुकत निघाले तर खरा थांबलेला कोण, हे कसं ओळखायचं? चालत्या गाडीला लो बीम आणि मागचे स्थिर लाल दिवे, असतील तर फॉग लाइट. हाय बीम नको, धुक्यावरून उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर बंद पडून रस्त्यात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी, सोबत मागे लांबवर लाल त्रिकोण.

दुचाकीचं थोडक्यात. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की लागतोच, बंद करायचं बटणच नाही. बोटं उघडमीट करून खुणा करणाऱ्या काकांनी आता हात हँडलवर ठेवायला हरकत नाही.

आणि ती घाई! इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकतो. जुन्या धाटणीच्या बल्बांच्या गाडीत एक बल्ब गेला की सर्किटमधला विजेचा भार कमी होतो आणि उरलेला दुप्पट वेगाने टकटकायला लागतो. ड्रायव्हर बिचारा निवांत असेल, त्याच्या गाडीचा पुढचा नाहीतर मागचा बल्ब उडालाय. आपल्या गाडीत टकटक वाढली तर चारही चालू करून गाडीभोवती एक फेरी मारा, कुठला गेलाय ते दिसेल.