छातीला बांधलेला कॅमेरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या ‘डेर लेट्स्टे मान’ (१९२४) या मूकपटावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, “कॅमेरा छातीला बांधून झिंगणं ही निव्वळ कसरत. लेखकाने सिनेमा पाहिलाय, की नुसता वाचलाय?” पहिलं वाक्य मत म्हणून ऐकून घेतलं असतं. दुसरं तुम्ही समोर बसून बोलला असतात का?

एक चूक कबूल. ‘एकही पाटी (पडद्यावर येणारा लिखित मजकूर) नाही’ असं मी लिहिलं होतं. शेवटच्या सुखान्ताआधी एक पाटी येते. धन्यवाद.

आता कसरत. जड ट्रंक उतरवून दम लागला, म्हातारा जरा टेकला, तेवढं मॅनेजरने पाहिलं आणि हॉटेलच्या या दारवानाची रवानगी थेट स्वच्छतागृहात झाली. घरातल्या लग्नासाठी तो आपलाच गणवेश चोरून घालतो. त्या रात्री पितो. इथे छायालेखक कार्ल फ्रॉइंडने कॅमेरा छातीला बांधला आणि स्वतः झोकांड्या खाल्ल्या. मग त्या नशेच्या स्वप्नात म्हातारा तसलीच ट्रंक एका हाताने हवेत उडवतो! कॅमेरा तिपाईवर ठेवून हे लांबून दाखवलं असतं तर आपण एका दारुड्याला हसलो असतो, बस्स.

अहो, मी नऊ वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलंय. व्हीएचएसचा धोंडा खांद्यावर घेऊन. एका वरातीत मुद्दाम नाचणाऱ्यांच्या घोळक्यात घुसलो, त्यांच्यासारखाच हेलपाटत शूट केलं. कॅसेट पाहून नवऱ्या मुलाचे मामा म्हणाले, “शूटिंगवालाच प्यायला होता,” आणि राहिलेले पैसे बुडवले. तेव्हा हलत्या कॅमेऱ्याने बघणाऱ्याच्या पोटात काय होतं ते मला शिकवू नका.

‘काबिरिया’ या इटालियन मूकपटात १९१४ सालीच कॅमेरा सरकला होता म्हणता. सरकला होता. मी ‘पहिल्यांदा’ हा शब्द कुठे वापरलाय ते दाखवा. सुखान्त चिकटवलेला वाटतो? आहेच चिकटवलेला.

आणि रात्री अंगणात तुतारी वाजते, कॅमेरा तिच्या तोंडापासून सुटून थेट म्हाताऱ्याच्या खिडकीकडे जातो, मूकपटात आवाज डोळ्यांना दिसतो. माझ्या लेखाचा निम्मा भाग त्या शॉटवर होता. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. सिनेमा पाहिलायत ना?