'भरल्या पोटाची चैन' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

गांधींच्या आगगाडीतल्या वाचनावर लिहिलं होतं, त्याखाली 'एक वाचक' अशा नावाने कमेंट आली: "पुस्तक वाचून आयुष्य बदलणं ही भरल्या पोटाची चैन. गांधींची वकिली जोरात होती. कस्तुरबांना कुणी विचारलं? तुम्ही पुस्तकी लोक जरा बाहेर पडून बघा."

टीका करा हो, पण हे 'तुम्ही पुस्तकी लोक' कशाला? ओळख ना पाळख आणि डायरेक्ट शिकवणी! असो. लेखाचा मथळा जरा भडक होता, मान्य. वकिली जोरात होती हेही मान्य, नाही कोण म्हणतंय?

1904 साली जोहान्सबर्ग स्टेशनवर त्यांच्या मित्राने, हेन्री पोलाकने, गांधींना रस्किन या इंग्रज लेखकाचं 'अन टू धिस लास्ट' दिलं, डर्बनपर्यंतचा 24 तासांचा प्रवास, पुस्तक खाली ठेववेना, पोचल्यावर रात्रभर झोप नाही, आणि मग आपल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकाचा अख्खा छापखाना उचलून डर्बनजवळच्या फिनिक्सच्या शेतावर नेला, तिथे रंग-बिंग न बघता सगळ्यांना महिना 3 पौंड. पोट भरलेला माणूस स्वतःच्या ताटातलं कमी करतो, याला चैन म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि भरल्या पोटाचं मला तरी सांगू नका. 1982 च्या संपात माझे वडील लालबागच्या गिरणीतून बाहेर पडले ते कायमचेच. घरात रेशनचा तांदूळ पुरत नव्हता तेव्हा एका सावकाराने त्यांना वसुलीचं काम देऊ केलं, पैसे रोख, फक्त दारं वाजवायची ती संपकऱ्यांचीच. अण्णा नाही म्हणाले. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत टाकली म्हणतात, आणि मी रात्री गाथा वाचून सकाळी वसुलीला जाऊ? एवढंच बोलले आणि भाजीची पाटी घेऊन बसले. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली ती गाथा अजून माझ्याकडे आहे, कव्हरच्या आत गिरणीची शेवटची पगाराची स्लिप खोचलेली. आई किती दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हती, पण तो भाग वेगळा.

कस्तुरबांचं म्हणाल तर तो या लेखाचा विषयच नव्हता, तुम्हीच लिहा की त्यावर. आणि बाहेर पडायचं म्हणाल तर मी रोज विरार लोकलनेच जातो-येतो, वाचतो तेही तिथेच, उभ्याने. पुढची कमेंट खऱ्या नावाने टाका, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.