वाचलेल्या दीड मिनिटाचं काय करावं?

सध्या जो उठतो तो 'जरा दमानं घ्या' म्हणून कानीकपाळी ओरडतोय. तुम्ही अजिबात ऐकू नका. दमानं घेणाऱ्यांचं काय होतं, ते मी पुराव्यानिशी सांगतो. पण आधी थोडा सराव.

सुरुवात लिफ्टपासून करा. आत पाऊल पडलं रे पडलं की दार बंद करायचं बटण दाबायचं. एकदा दाबून भागत नाही. बऱ्याच लिफ्टमध्ये दार किती वेळ उघडं राहणार हे आधीच ठरवलेलं असतं आणि ते बटण नुसतं शोभेला असतं, असं जाणकार सांगतात. सांगू देत. मी आधी अंगठ्याने दाबतो, मग तर्जनीने, मग पुन्हा अंगठ्याने, जरा रागावून. दार त्याच्या वेळेलाच मिटतं, पण ते मी मिटवलेलं असतं.

मग रस्त्यावर या. दहा किलोमीटर जायला ताशी ६० च्या वेगाने १० मिनिटं लागतात, ताशी ७० ने साडेआठच्या थोडं वर. म्हणजे जवळजवळ दीड मिनिट वाचलं की नाही! आता ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे साधारण ३६ टक्क्यांनी. पण ते गणित थांबणाऱ्यांनी करावं, आपल्याला कुठे थांबायचंय? वाचलेलं दीड मिनिट मात्र जपून वापरा. पोचल्यावर गाडीतच बसून फोन बघण्यात ते घालवलेलं बरं. नाहीतर वेळेआधी पोचाल, आणि वेळेआधी पोचलेल्याला काय करावं लागतं? वाट बघावी लागते. वैऱ्यावरही अशी पाळी येऊ नये.

बसायचं कसं, हेही शिकून घ्या. मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात खुर्च्यांची गादी बदलायला आलेला कारागीर चक्रावला होता म्हणे. खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजल्या होत्या, पाठ टेकायची जागा नव्यासारखी. डॉक्टरांनी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही (कामात असतील). पुढे १९५९ साली त्यांनीच सतत घाईत असणाऱ्या स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध जोडला. नंतरच्या संशोधनात तो संबंध वाटला होता तितका पक्का निघाला नाही. तेव्हा बसा खुशाल कडेवर.

जॉन मेनार्ड केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली भाकीत केलं होतं, की शंभर वर्षांनी माणूस आठवड्याला १५ तास काम करील आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं हा त्याला प्रश्न पडेल. मुदत संपत आली. तो प्रश्न आपण पडूच दिला नाही, याचं श्रेय आपल्याला कुणी देत नाही.

आता पुरावा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ साली एका नरसाळ्यात पिच ओतलं. पिच म्हणजे डांबराचं भावंड. हातोडा मारला तर काचेसारखं फुटतं, पण खरं तर ते वाहतं. कसं? १९३० साली नरसाळ्याचं तोंड कापलं, तेव्हापासून २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले. नऊ!

१९६१ पासून हा प्रयोग जॉन मेनस्टोन यांनी सांभाळला. १९८८ साली थेंब पडायला आला, म्हणून ते तिथेच थांबून होते. काही मिनिटं काहीतरी प्यायला म्हणून बाहेर गेले, आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० साली नको ती जोखीम म्हणून कॅमेरा लावला, तर ऐन वेळी कॅमेराच बिघडला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन गेले. पुढचा थेंब पडला २०१४ च्या एप्रिलमध्ये. बावन्न वर्षं सांभाळ केला आणि डोळ्यांदेखत एकही थेंब पडला नाही. बघा, घाई केली नाही की असं होतं! आणि गंमत म्हणजे या गृहस्थांनी प्रयोग कंटाळून सोडून दिला, असंही कुठे नाही.

नवव्यानंतर आता दहाव्या थेंबाची वाट बघणं सुरू आहे. इंटरनेटवर थेट दिसावं म्हणून त्यावर कॅमेरे रोखलेत. परवा मीही डोकावलो. काळा, फुगीर, ढिम्म. दुप्पट वेगाने बघायचं बटण शोधलं, सापडलं नाही. मग स्क्रीनवरच अंगठ्याने दाबून पाहिलं, मग तर्जनीने.