‘कोड खुलाच आहे, मग वेगळे केंद्र कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

आरोग्यसेवेसाठी लिहिलेल्या मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता व बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरचे एक सामाईक ऑनलाइन केंद्र असावे, अशी सूचना कोणी केली की एक ठरावीक उत्तर पुढे येते आणि शब्दांच्या थोड्याफार फरकाने ते सर्वत्र फिरत राहते. त्याचा आशय असा: हा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आधीच आहे, त्यामुळे केंद्र म्हणजे निव्वळ आणखी एक यादी, रुग्णांच्या जिवाशी निगडित कोड सर्वांना वाचता येणे धोक्याचे आहे, चूक झाली तर जबाबदार कोण, हे ठरत नाही, प्रत्येक रुग्णालयाचे काम निराळे असते, आणि अशी केंद्रे काही वर्षांत बंद पडतात. यांतला शेवटचा आक्षेप खरोखर वजनदार आहे. उरलेले मात्र केंद्राचे काम काय असते, याविषयीच्या चुकीच्या समजुतीवर उभे आहेत.

कोड गिटहबवर सापडतो, हे मान्य. पण निवड करणाऱ्या रुग्णालयाला कोड सापडत नाही ही अडचण नसतेच. कोणती आवृत्ती प्रत्यक्ष वापरात आहे, प्रयोगशाळेतील यंत्रांशी ती जोडता येते का, देखभाल कोण करते, मागील आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत रुग्णनोंदी नेताना काय बिघडले, हे त्याला कळत नाही. शिवाय एका सॉफ्टवेअरवर कोणतेच रुग्णालय चालत नाही. बाह्मनी या रुग्णालयांसाठीच्या मुक्तस्रोत प्रणालीत रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि देयके व साठ्यासाठी ओडू असे तीन स्वतंत्र प्रकल्प एकत्र बांधलेले आहेत. यांपैकी कशाची कोणती आवृत्ती कशाशी जुळते, ही माहिती तिन्हींचा कोड वेगवेगळा वाचून हाती लागत नाही. ज्यांनी ती जुळणी करून पाहिली त्यांच्याकडे ती असते, आणि लिहून ठेवली नाही तर त्यांच्याबरोबरच निघून जाते. डेबियन मेड हा प्रकल्प २००२पासून वैद्यकीय सॉफ्टवेअर डेबियन या मुक्तस्रोत संगणक कार्यप्रणालीत बसवून, त्याची परस्परावलंबित्वे तपासून देत आला आहे. त्याला कोणी निव्वळ यादी म्हणणार नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप ऐकायला सर्वांत पटणारा आहे, म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करायला हवा. वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या इतिहासातील सर्वाधिक अभ्यासलेली दुर्घटना म्हणजे थेरॅक-२५ हे किरणोपचार यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा प्रचंड अधिक मात्रा दिली. त्याचा कोड बंद होता. अशी मात्रा जाणे अशक्य आहे, असे उत्पादक सुरुवातीला सांगत राहिला, आणि दोष केव्हा घडतो हे अखेरीस एका रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ व यंत्रचालक यांनी नोंदी भरण्याचा वेग बदलून बदलून शोधून काढले. तशाच प्रकारचा दोष आधीच्या थेरॅक-२० यंत्रातही होता. तिथे स्वतंत्र यांत्रिक अटकाव असल्यामुळे तो झाकला गेला होता. कोड लपलेला असल्याने रुग्ण सुरक्षित राहिले नाहीत, उलट दोष उघड व्हायला उशीर लागला.

याचा अर्थ खुला कोड आपोआप सुरक्षित असतो, असा मुळीच नाही. इंटरनेटवरील संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड हा दोष सुमारे दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि २०१४पर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही. २०१८ मध्ये ओपनईएमआर या रुग्णनोंदींच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये संशोधकांना वीसहून अधिक दोष सापडले. त्यांनी ते आधी प्रकल्पाला कळवले, दुरुस्ती झाली आणि मगच ते जाहीर केले. खरा प्रश्न पुढे येतो: ती दुरुस्ती वापरणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचली का? रुग्णालयांमधील प्रणालींची माहिती एकमेकांकडे पोहोचवणाऱ्या मर्थ कनेक्टमध्ये २०२३ साली एक गंभीर दोष आढळला. ४.४.० या आवृत्तीतील दुरुस्ती अपुरी निघाली आणि ४.४.१ आणावी लागली. ज्यांनी पहिलीच दुरुस्ती बसवून काम संपले असे मानले, त्यांना हे सांगणारी एक खात्रीची जागा हवी होती. संगणकातील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या हल्ल्याच्या वेळीही हेच दिसले: विंडोजची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये निघाली होती, हल्ला मे महिन्यात झाला, आणि इंग्लंडमधील एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या किमान ८० ट्रस्टांच्या (रुग्णालये व आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थांच्या) कामकाजावर परिणाम झाला. दोन्ही उदाहरणांत उणीव आहे ती सूचना पोहोचण्याची आणि तिचा पाठपुरावा होण्याची. सामाईक केंद्राचे माझ्या मते हेच पहिले काम आहे.

जबाबदारीच्या आक्षेपामागे असे गृहीत आहे की विक्रेता असला म्हणजे जबाबदारी निश्चित होते. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने स्वतःची व्हिस्टा ही रुग्णनोंदींची प्रणाली सोडून २०१८ मध्ये सर्नर या कंपनीशी सुमारे १० अब्ज डॉलरचा करार केला. पहिल्या ठिकाणी ती प्रणाली सुरू झाल्यावर वैद्यकीय कामाच्या ११ हजारांहून अधिक सूचना इष्ट स्थळी न पोहोचता एका अज्ञात रांगेत जाऊन पडल्या, आणि खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२२च्या अहवालात त्यामुळे १४९ रुग्णांना इजा पोहोचल्याची नोंद आहे. करार होता, विक्रेता होता. इजा टळली नाही. मुक्तस्रोत परवाने हमी देत नाहीत हे खरे आहे, म्हणूनच कोणत्या आवृत्तीची चाचणी कोणी, कशावर केली आणि बिघाड झाला तर कोणाला कळवायचे, हे उघड नोंदलेले असणे तिथे अधिकच आवश्यक ठरते.

प्रत्येक रुग्णालय निराळे असते, याला फार उत्तर लागत नाही. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या आणि ओस्लो विद्यापीठाशी निगडित असलेल्या उपक्रमातून डीएचआयएस२ हे आरोग्यविषयक आकडेवारीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घडले, आणि कामे निराळी असूनही आज ते डझनावारी देशांत चालते. ओपनएमआरएस वापरणारे अनेक जण निदाने व तपासण्यांसाठी सीआयईएल (CIEL) हा वैद्यकीय संज्ञांचा एकच सामाईक शब्दकोश घेतात.

आता बंद पडण्याचा आक्षेप. व्हिस्टाच्या कोडची सामाईक देखभाल व्हावी म्हणून २०११ मध्ये ओसेहरा ही संस्था स्थापन झाली आणि २०२० मध्ये ती बंद झाली. हे उदाहरण नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचा मोठा आधार एकच होता, माजी सैनिक खाते, आणि त्या खात्यानेच व्हिस्टा सोडण्याचे ठरवल्यावर तिच्या पायाखालची जमीन गेली. याउलट डेबियन मेड टिकले ते एका मोठ्या प्रकल्पाच्या आत राहून, त्याच्याच पायाभूत सुविधा वापरून. त्यामुळे केंद्र उभारणाऱ्यांनी सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवाव्यात: खर्चाचा भार एकाच देणगीदारावर न ठेवणे, सर्व नोंदी खुल्या परवान्याखाली आणि इतरत्र नेता येतील अशा साध्या स्वरूपात ठेवणे, आणि ज्या सॉफ्टवेअरची देखभाल थांबली त्याच्या नोंदीवर तसे तारखेसह स्पष्ट लिहिणे. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण मर्थ कनेक्टने २०२५ मध्ये ४.६पासून पुढच्या आवृत्त्या केवळ व्यापारी परवान्याखाली देण्याचे ठरवले तेव्हा त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या प्रत्येक रुग्णालयाला जुन्या आवृत्तीवर राहायचे, पैसे मोजायचे की जुन्या खुल्या कोडवरून इतरांनी पुढे नेलेल्या मुक्त शाखेकडे वळायचे, हा निर्णय घ्यावा लागला; आणि त्यासाठी लागणारी तुलना प्रत्येकाने एकेकट्याने करावी, याला कोणतेही चांगले कारण नाही.