घेणेकऱ्यांच्या यादीत मामा

गेल्या रविवारी बायकोनं मंगळसूत्र, दोन पाटल्या आणि लग्नातली साखळी स्वयंपाकघरातल्या पीठ मोजायच्या काट्यावर ठेवली. काट्यावर कणकेचा पांढरा थर होता, तो आधी तिनं पदरानं पुसला. सत्त्याऐंशी ग्रॅम भरलं. मी आकडा कागदावर उतरवला. आमच्या बेळगावकडे सोनं काट्यावर दोनदाच चढतं, घेताना आणि गहाण टाकताना. आमचं तिसऱ्यांदा चढलं ते न्यू जर्सीत, दिवाळखोरीच्या अर्जासाठी.

हकीकत फार वेगळी नाही. २०१९ साली आम्ही दोघांनी किराणा आणि पोळीभाजीचं दुकान टाकलं. पुढच्याच वर्षी महामारी आली. दुकान चालू ठेवायला म्हणून क्रेडिट कार्डं वापरली, एका कार्डाचा हप्ता दुसऱ्यानं भरला, आणि दुकानाच्या भाडेकराराला मी स्वतः हमी राहिलो होतो, तीही अंगावर आली. दुकान बंद झालं, कर्ज राहिलं. आज मी एका गोदामात पाळीचं काम करतो. व्याज धरून देणं एक लाख बारा हजार डॉलर आहे. ते या जन्मी फिटणार नाही, हे तोंडानं म्हणायला मला दोन वर्षं लागली.

इथल्या कायद्यात यासाठी ‘चॅप्टर सात’ नावाचं प्रकरण आहे. आपल्याकडच्या जुन्या कोर्टकचेरीतला शब्द वापरायचा तर नादारीचा अर्ज. कोर्टाची फी ३३८ डॉलर. वकिलाची फी वेगळी, आणि ती अर्ज टाकण्याआधी पुरी द्यावी लागते, म्हणून मी ती महिन्याच्या हप्त्यानं भरतोय. दिवाळं काढायलासुद्धा आधी पैसे साठवावे लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्जाच्या आधी १८० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घेऊन त्याचा दाखला जोडायचा असतो. ते आम्ही फोनवर उरकलं. पलीकडच्या बाईंनी फार मायेनं विचारलं, बाहेर जेवण्यावर महिन्याला किती जातात? बायको म्हणाली, आमचंच खानावळीचं दुकान होतं हो, बाहेर कुठं जाणार.

अर्ज टाकला की त्या क्षणी वसुली थांबते. फोन, पत्रं, दावे, पगारावरची जप्ती, सगळं. मग महिन्याभरात ट्रस्टीसमोर, म्हणजे घेणेकऱ्यांसाठी माझी मालमत्ता तपासायला आणि विकायला नेमलेल्या माणसासमोर, सुनावणी, हल्ली तीही पडद्यावर. तो शपथेवर प्रश्न विचारतो, पाहिजे तर घेणेकरीही विचारू शकतात. सगळं सरळ गेलं तर त्या सुनावणीनंतर दोन-तीन महिन्यांत कोर्ट कर्जमुक्तीचा हुकूम देतं. पोटगी, अलीकडचे कर, बहुतेक शैक्षणिक कर्जं यातून सुटत नाहीत. पतीच्या अहवालात दहा वर्षं नोंद राहते, आणि आठ वर्षं पुन्हा याच प्रकरणाखाली सुटका नाही.

हे वाचायला सोपं वाटतं. घाम फुटतो तो तयारी करताना, कारण कायदा म्हणतो की तुमची मालमत्ता जगात कुठंही असो, यादीत आली पाहिजे. आईच्या नावावरच्या पिग्मी खात्याला माझं नाव जोडलेलं आहे. एजंट रोज संध्याकाळी पन्नास रुपये घेऊन जातो, तेही लिहायचं. वडील गेल्यावर खानापूर तालुक्यातल्या सव्वा एकर भातशेतीच्या उताऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं वारसानं लागली. मी तिथं भाताचं एक रोपही लावलेलं नाही, तरी माझा तिसरा हिस्सा लिहायचा आणि किंमत सांगायची. ट्रस्टी तो हिस्सा विकायला चोर्ला घाट चढून येईल असं वकिलाला वाटत नाही. पण लपवला आणि सापडला तर कर्जमुक्ती जाते आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उतारा भावानं फोटो काढून पाठवला. तो अर्थातच कन्नडमध्ये. माझे आजोबा दर एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळायला पायी बेळगावला जायचे, २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि मी ट्रेंटनमध्ये धारवाडच्या एका मित्राकडे जाऊन म्हणतोय, बाबा रे, आमच्या शेतात काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव. त्यानं वाचलं, इंग्रजीत उतरवलं, चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. एकर, गुंठा आणि आणे त्याला समजावून सांगावे लागले नाहीत, हे मात्र बरं झालं. वकिलाला अर्धा तास लागला होता.

पुढचा प्रश्न: गेल्या दोन वर्षांत कुणाला सहाशे डॉलरच्या वर भेट दिलीत का? भाचीच्या लग्नातला आहेर. आम्ही सोन्याची चेन दिली होती, कार्डावर घेतलेल्या उचलीतून. खिशात काही नसताना मामानं आहेरात कमी पडायचं नाही ही रीत आम्ही पाळली आणि आता ती शपथेवर लिहितोय.

आणि मग मामा आले. माझे मामा.

दुकान डबघाईला आलं तेव्हा मामांनी सहा लाख रुपये दिले होते. भाताचे, काजूचे, थोडे निवृत्तीचे. कागद नाही, व्याज नाही. आठ महिन्यांपूर्वी माझ्या हाती चार हजार डॉलर आले, ते मी कुठल्याही कार्डाला न देता मामांना पाठवले. मला वाटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी नीट केली. वकिलानं तेच पान उघडून बोट ठेवलं. अर्जाच्या आधी एका वर्षात नातेवाइकाला फेडलेले पैसे म्हणजे एका घेणेकऱ्याला दिलेलं झुकतं माप. ट्रस्टी ते परत मागू शकतो, माझ्याकडून नव्हे, मामांकडून. बाहेरच्यांना फेडलेल्यासाठी मुदत नव्वद दिवसांची, आप्तांसाठी वर्षाची. म्हणून आम्ही थांबलोय. आणखी चार महिने पगारावर जगायचं, कार्डाला हात लावायचा नाही, आणि वर्ष उलटलं की अर्ज टाकायचा.

मला याचा आधी संताप आला. घरचं देणं आधी, बँकेचं मग, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो. मग रात्रपाळीत खोकी लावताना विचार करत राहिलो. बँकेला तोंड नसतं म्हणून तिचं शेवटी. आणि ज्याला तोंड आहे त्यातही, जो मोठ्यानं बोलतो त्याचं आधी. दारात येऊन बसणारा फायनान्सवाला आधी, गप्प बसणारे मामा मग. आमच्याकडे कर्जाचा क्रम असाच लागतो, माया आणि भीती यांच्या ओढाताणीत. इथला कायदा दोन्हीकडे पाठ करतो आणि म्हणतो, सगळे एका ओळीत उभे राहा. मामांनाही तो ओळीतच उभं करतो, एवढाच माझा राग. त्याला औषधही त्यानंच ठेवलंय. कर्जमुक्तीनंतर स्वखुशीनं कुणालाही फेडायला बंदी नाही.

हे सगळं चालू असताना गावाकडचा वाद कानावर येत असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं मायक्रोफायनान्सच्या छळाविरुद्ध अध्यादेश काढला. दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. शिक्षा जास्त आहे म्हणून राज्यपालांनी तो एकदा परत पाठवला होता, नंतर १२ तारखेला सही केली. त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले. थोरली वहिनी महिला संघातून तीन ठिकाणचे हप्ते भरते. तिचं म्हणणं, लोक आता दारात येऊन शिव्या देत नाहीत, हेच पुष्कळ. मावसभाऊ एका क्रेडिट सोसायटीत मॅनेजर आहे. तो म्हणतो, तू तिथं बसून दिवाळखोरीचं कौतुक सांगू नकोस. इथं तसला कायदा चालू झाला तर उद्या हप्ता भरणार कोण?

मला वाटतं दोघंही दाराच्या उंबऱ्यावरच भांडतायत. अध्यादेशानं दारावरची थाप थांबवली, बिगरनोंदणी सावकाराचं कर्जही बाद केलं. पण वहिनीचे तिन्ही हप्ते नोंदणी असलेल्या कंपन्यांचे आहेत, ते तसेच उभे. कर्जमाफी येते ती निवडणुकीच्या तोंडावर, आणि बहुधा पीककर्जाला. बेळगावातल्या वडगाव-खासबागेतल्या मागवाल्याला, रिक्षावाल्याला, शिलाई मशीनवालीला ती शिवत नाही. मग त्याच्यापुढं राहतं काय? आमच्या गल्लीतला एक जण गेल्या वर्षी रात्री दुकानाला कुलूप लावून बायकामुलांसह गेला, आता वास्कोला आहे म्हणतात. आमच्याकडची नादारी ही अशी, गोव्याच्या शेवटच्या बसची. तिला दाखला नाही, सुनावणी नाही, आणि सुटकाही नाही, कारण जामीनदार मागं गावातच असतो.

गंमत अशी की कायदा आपल्याकडे नाही असं नाही. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून पुस्तकात आहे. पाचशे रुपयांच्या वर देणं असलेला माणूस जिल्हा कोर्टात अर्ज करू शकतो. ती पाचशेची रेघ इंग्रजानं आखली, ती तिथंच आहे. घटनेलाही नादार माणूस माहीत आहे, सुटका न झालेल्या नादाराला ती आमदार-खासदार होऊ देत नाही. फक्त बेळगावच्या कोर्टात अर्ज घेऊन कोण गेल्याचं मी आजवर ऐकलं नाही. मग २०१६ साली नवी दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांसाठी ती धडाक्यात चालू झाली. त्यातला माणसांचा भाग कंपन्यांना जामीन राहिलेल्या बड्या लोकांपुरता डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, बाकीच्यांसाठी छापलेला तसाच पडून आहे. त्यात गरिबासाठी ‘नवी सुरुवात’ नावाचं प्रकरण आहे: वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, स्वतःचं घर नको. वहिनीचं एकाच संघाचं कर्ज पस्तिसाच्या वर आहे. रिझर्व्ह बँक तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबाला मायक्रोफायनान्सचं कर्ज द्यायला परवानगी देते, आणि सुटकेची खिडकी साठ हजारांवर बंद. कर्ज घेताना दार बैलगाडी जाईल एवढं, बाहेर पडताना मांजरही अडकेल.

कायदा चालू करा आणि आकडे वाढवा, एवढंच माझं म्हणणं. माफी नको. मावसभावाला मी सांगितलं की इथं फुकट सुटत नाही, बायकोचं सोनं पिठाच्या काट्यावर मोजावं लागतं आणि भाचीच्या आहेराचा हिशेब परक्या माणसाला द्यावा लागतो. तो ऐकून घेतो, आणि मग असं बोलतो की मी गप्प होतो. “दादा, तुमच्या कार्डवाल्या बँकेला तुझे पैसे बुडाले तर मुंगी चावत नाही. माझ्या सोसायटीत पैसे आहेत पानटपरीवाल्याचे, भाजीवालीचे. कर्जदार सुटला तर तिची पिग्मी कोण देणार? तू?”

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तो मोठ्या बँकेसारखा व्याजात बुडीत धरू शकत नाही. आणि जामीनदाराचं इथंही तेच आहे, मी सुटलो तरी माझ्यासाठी सही करणारा सुटत नाही. सुदैवानं माझ्यासाठी कुणी सही केली नव्हती. वडिलांनी मात्र शेजाऱ्यासाठी केली होती, नव्वद सालाच्या आसपास, आणि चार वर्षं दुसऱ्याच्या म्हशीचे हप्ते भरले होते. शेजारी रोज समोरून जायचा, दोघं एकमेकांना नमस्कार करायचे. मावसभाऊ ज्याला पत म्हणतो ती हीच. मी तिचा अपमान करत नाही. पण त्या चार वर्षांत आईच्या पाटल्या गेल्या आणि त्या परत आल्या नाहीत, हेही मला आठवतं.

अर्जात प्रत्येक घेणेकऱ्याचा पूर्ण पत्ता लागतो, कारण कोर्ट प्रत्येकाला टपालानं नोटीस पाठवतं. एकालाही वगळता येत नाही. म्हणून परवा पहाटे मामांना फोन केला. तिथं दुपार होती, मागं कोंबड्या ओरडत होत्या. मी सगळं सांगितलं. पैसे बुडत नाहीत, उशीर होईल, पण आधी कोर्टाचा कागद येईल, असं म्हणालो.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

“कोर्टाची नोटीस? खरं आपला पोस्टमन गावभर दाखवत येतो की रे.”

“मामा, तुमच्याविरुद्ध काही नाही त्यात. तुम्ही सावकार, मी बुडालेला.”

“ते कळलं. चार हजार परत घेणार काय ते?”

“वर्ष होऊ देतोय. तुमच्यापर्यंत यायचं नाही.”

“बरं.” मग पुन्हा गप्प. पलीकडून मामी विचारत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय. “ती नोटीस कन्नडात येणार की मराठीत?”

“इंग्रजीत, मामा.”

“मग बरं आहे,” मामा म्हणाले. “पोस्टमनला कळणार नाही. पत्ता घे लिहून. पिन कोड चुकवू नकोस, नाहीतर जाईल खालच्या गावात.”